उस्तादांच्या ब्रेकच्या नळ्या

उस्तादांना ब्रेक शिकवायला जाऊ नये, हे वर्कशॉपात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं जायचं. गावातल्या रुग्णवाहिका, शाळेच्या छोट्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, सगळ्यांचे ब्रेक एकतीस वर्षं या एकाच माणसाच्या हाताखालून गेले. पेडलवर पाय ठेवायचा, मान जरा तिरकी करायची आणि सांगायचं, "मागचं डावं चाक. नळीत हवा आहे." चाक उघडलं की हवा तिथेच सापडायची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं होतं. एरवी साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते उस्ताद.

निवृत्तीनंतर माणसं बागेत जाऊन बसतात, नाहीतर घरात बसून घरच्यांचं डोकं खातात. उस्तादांनी विमान बांधायला घेतलं.

दोन माणसांचं, छोटंसं. घरामागे एका बंद पडलेल्या लाँड्रीची शेड होती, ती त्यांनी मागून घेतली. विमान खोक्यांतून सुट्या भागांत आलं आणि त्याच्याबरोबर जोडणीचं तीनशे बारा पानांचं पुस्तक आलं. विमानातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे उस्तादांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे एकेक पान ते तीन-तीनदा वाचायचे, खाली रेघा ओढायचे, हात न धुताच मागचं पुढचं चाळायचे. पंखांच्या प्रकरणाची पानं तर इतकी तेलकट झाली, की एका बाजूची आकृती दुसऱ्या बाजूने दिसायची. या कामात सहा वर्षं गेली. मधल्या काळात ते गावाबाहेरच्या धावपट्टीवर जाऊन विमान उडवायलाही शिकले आणि तसा कागद मिळवून आले.

बायको गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. पहिली दोन वर्षं ती शेडमध्ये डोकावलीसुद्धा नाही. "लाँड्रीत एवढा मोठा पतंग चाललाय," असं शेजारणींना सांगायची. मग एक दिवस गळ्यात टेप घालून ती आली, डाव्या सीटसाठी त्यांची पाठ मोजली आणि टेप त्यांच्या हातात देऊन स्वतः पाठमोरी उभी राहिली. "माझीपण मोजा," ती म्हणाली. "उजवी सीट माझी." उस्तादांनी पाठ मोजली. तेव्हापासून त्यांच्या लेखी ते विमान बायकोला शेजारी बसवून वर नेण्यासाठीच होतं.

त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे नियम: घरी बांधलेल्या विमानात पहिले पंचवीस तास चालवणाऱ्याने एकट्यानेच उडायचं, शेजारी कुणाला बसवायचं नाही. दुसरी म्हणजे त्यांचा उजवा डोळा. आतल्या पडद्याचं दुखणं होतं, आणि ते बरं होणारं नव्हतं. उडण्याचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांनी या खेपेला सही केली, पण पेन खिशाला लावता लावता स्पष्ट सांगितलं, "पुढच्या वेळी मागू नका. मला नाही म्हणायला आवडत नाही." विमान तपासणीला तयार झालं, तेव्हा त्या दाखल्याचे पाच महिने उरले होते. पाच महिन्यांत पंचवीस तास म्हणजे काहीच नाही. उस्ताद अगदी निर्धास्त होते.

तपासनीस दर दीड महिन्याने यायचा. हडकुळा, हळू बोलणारा माणूस. त्याने सकाळपासून दुपारपर्यंत विमान पालथं घातलं. पंख, शेपूट, इंजिन, पेट्रोलची टाकी, तारा. प्रत्येक गोष्टीसमोर त्याने बरोबरची खूण केली. सगळ्यात शेवटी ब्रेक राहिले. उस्ताद मनातल्या मनात हात धुऊन मोकळे झाले होते. तपासनिसाने ब्रेकच्या नळीच्या प्रत्येक सांध्याखाली एकेक पांढरा कागद अंथरला आणि म्हणाला, "पेडल दाबून धरा. पाच मिनिटं."

तिसऱ्या मिनिटाला डाव्या चाकाजवळच्या कागदावर एक लाल थेंब पडला. विमानाच्या ब्रेकचं तेल लाल असतं.

"उस्ताद, हे नाही चालणार."

"अहो, नट जरा आवळला की झालं!"

"आवळून नाही. पुस्तकाप्रमाणे करा म्हणजे होईल. दीड महिन्याने येतो."

पुस्तकाप्रमाणे! उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंख त्यांनी पुस्तकात बघून केले होते, तिथे खूण. इंजिन पुस्तकात बघून बसवलं, तिथेही खूण. आणि जे काम ते झोपेतसुद्धा करतील, तिथे हा माणूस त्यांना पुस्तक दाखवत होता. तो गेल्यावर त्यांनी नट आवळलाच. पाव फेरा आवळला, आणखी पाव फेरा आवळला, आणि आतून 'कट्' असा बारीक आवाज आला. अॅल्युमिनियमच्या नळीचं तोंड तडकलं होतं.

ही नळीच्या तोंडाची गोष्ट जरा सांगायला हवी. धातूची नळी सांध्याला जोडायची तर तिचं टोक आधी फुलवावं लागतं, म्हणजे फुलपात्रासारखं बाहेर वळवावं लागतं. मग ते सांध्याच्या निमुळत्या टोकावर बसतं, वरून नट आवळायचा, आणि तेल आतच राहतं. हे फुलवायचं एक हत्यार असतं. उस्तादांचं हत्यार त्यांना त्यांच्या पहिल्या हेड फिटरने जाताना दिलेलं होतं. बायकोने त्याला शिवलेल्या खोळीत ते असायचं, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही. एकतीस वर्षांत त्याने फुलवलेली एकही नळी गळली नव्हती.

त्यामुळे दोष नळीचाच असणार, हे ओघानेच आलं. "अॅल्युमिनियम म्हणजे भांड्यांचा धातू," उस्ताद बायकोला म्हणाले. "ब्रेकच्या कामाचा नाहीच तो."

"मग कोणता?"

"बघतो."

आणि इथून पुढे त्यांचं जे बघणं सुरू झालं, त्याने घरादाराला वीट आणला. जेवताना ताटाशेजारी नळ्यांचे तुकडे. दाराच्या कडीला नळीची वेटोळी. धावपट्टीवर तर ब्रेकची नळी म्हटलं की ज्याला त्याला कंठ फुटायचा. कुणी म्हणे तांबं घ्या, कुणी म्हणे तांबं चुकूनही घेऊ नका. ज्यांनी जन्मात पान्हा हातात धरला नव्हता, तेही उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून सल्ला देऊन गेले. उस्ताद हो हो म्हणत ऐकायचे आणि घरी येऊन दाराशी चप्पल आपटायचे.

त्यातल्या त्यात ज्याच्या बोलण्यात दम होता तो दातांचा डॉक्टर. त्याने नऊ वर्षांपूर्वी स्वतःचं असंच विमान बांधलं होतं, आणि उस्तादांना उडवायला त्यानेच शिकवलं होतं. ब्रेकचं काम सुरू झालं त्याच आठवड्यात तो एक छोटी डबी घेऊन शेडमध्ये आला होता. "नळी फुलवायचं हत्यार आहे, उस्ताद. ठेवा तुमच्याकडे. विमानाचं जरा..." पण उस्तादांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "डॉक्टर," ते म्हणाले, "दात उपटायची पक्कड घेऊन मी कधी तुमच्या दवाखान्यात आलोय का?" डॉक्टर खो खो हसला आणि डबी घेऊन परत गेला.

आता त्याच डॉक्टरचं विमान बघायला उस्ताद गेले. त्याच्या नळ्या नायलॉनच्या होत्या. उस्तादांना त्या सलाइनच्या नळीसारख्या दिसल्या, पण नऊ वर्षं गळल्या नव्हत्या हे नाकारता येत नव्हतं. तोंड फुलवायची भानगडही नाही, नळी नुसती खोचायची आणि आवळायची. उस्तादांनी नाक मुरडत तसलीच नळी आणली आणि चाकापर्यंत सरळ नेली, गाडीत नेतात तशी, ब्रेकच्या तबकडीला अगदी खेटून.

दुसऱ्या खेपेला तपासनिसाचे पांढरे कागद पांढरेच राहिले. "छान," तो म्हणाला. "आता जमिनीवरच दहा फेऱ्या मारून दाखवा. प्रत्येक फेरीला पूर्ण थांबायचं."

सात फेऱ्या झाल्या. आठव्या फेरीला तबकडी इतकी तापली, की नायलॉन कणकेसारखं मऊ झालं आणि फुटलं. पेडल थेट तळाला गेलं. विमान तपासनिसाच्या समोरून, डॉक्टरच्या समोरून, पाण्याची बाटली घेऊन उभ्या असलेल्या बायकोच्या समोरून आरामात पुढे निघून गेलं. उस्तादांनी इंजिन बंद केलं तरी ते चालतच राहिलं आणि कुंपणालगतच्या कमरेएवढ्या गवतात जाऊन एकदाचं थांबलं. एकतीस वर्षं ज्याने सगळ्या गावाच्या गाड्या थांबवल्या त्याला स्वतःला थांबता आलं नाही, आणि हे बघायला नेमकी सगळी मंडळी हजर होती.

"शेवटचा हातभर तुकडा मी धातूचा घेतलाय," डॉक्टर गवत तुडवत येऊन म्हणाला. "तुम्ही नाही घेतला?"

"तुम्ही कुठे सांगितलंत?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

उस्तादांनी त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला. त्याचा डॉक्टरला पत्ताही नव्हता.

आता साडेतीन महिने उरले होते. उस्तादांनी ठरवलं, झालं तेवढं पुरे, आता सगळ्यात भारी ते घ्यायचं: आतून नरम नळी आणि वरून पोलादी तारांचं विणकाम. ती तापत नाही, तडकत नाही, वाकते पण मोडत नाही. होज बनवणाऱ्या दुकानदाराला त्यांनी कागदावर आकृती काढून दिली. तीन आठवड्यांनी नळ्या आल्या, त्यांची टोकं चुकीची. परत पाठवल्या. दोन आठवड्यांनी आल्या, एक बरोबर आणि एक वीतभर आखूड. उस्तादांनी दुकानात जाऊन टेबलावर नळी आपटली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काका, आकृतीत तुम्हीच आखूड लिहिलीय." कागद बघितला तर खरंच लिहिली होती. उस्ताद रागारागाने बाहेर पडले आणि चष्मा दुकानातच विसरले, त्यामुळे पुन्हा आत जावं लागलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी नळ्या बसल्या. फक्त पेडलजवळच्या पंपापासून त्या नळीपर्यंत वीतभर तुकडा धातूचाच ठेवावा लागतो, तो उस्तादांनी नवाकोरा कापला. खोळीतून आपलं हत्यार काढून त्याची तोंडं फुलवली, बोट फिरवून पाहिलं, आणि किती दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मिनिटाला त्याच वीतभर तुकड्याखाली लाल थेंब पडला.

 तपासनिसाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि निघाला. दारात थांबून म्हणाला, "पुस्तकात बघा हो एकदा." तो फाटकाबाहेर पडेपर्यंत उस्तादांनी दम धरला आणि मग हातातला पान्हा भिरकावला. तो लाँड्रीच्या जुन्या पत्र्याच्या टाकीवर इतक्या जोरात आपटला, की बायको शिलाई मशीन सोडून धावत आली.

"कोण पडलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"नळी बदलली, तेल बदललं, नट बदलले, सांधे बदलले! आता काय स्वतःला बदलू?" उस्ताद खुर्चीत बसले.  "दोन महिने राहिलेत. पुढची तपासणी दीड महिन्यानं. पास झालो तरी पंधरा दिवस उरतात. पंधरा दिवसांत पंचवीस तास."

बायकोने मनाशी हिशेब केला. "रोज उडालात तर होतात," ती म्हणाली. पण तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात उस्तादांनी तिला एक काम सांगितलं: उष्णतेला टिकणारं जाड कापड आणलं होतं, त्याच्या बाह्या शिवायच्या, चाकाजवळच्या नळ्यांवर चढवायला. ती नेहमीप्रमाणे आधी माप शोधायला लागली. उस्ताद चाकाखाली आडवे पडले होते, म्हणून तिने स्वतःच पुस्तक उघडलं. काळी, डागाळलेली, कोपरे दुमडलेली पानं उलटत उलटत ती ब्रेकच्या प्रकरणाशी आली आणि थबकली. तिथली पानं एकमेकांना चिकटलेली होती. तिने नखाने ती सोडवली. आत डाग नव्हता, रेघ नव्हती, अंगठ्याचा एक ठसाही नव्हता. छापखान्यातून आली होती तशी ती कोरी होती.

"अहो," ती म्हणाली. "हे कधी उघडलंत?"

"काय?"

"बाहेर या."

उस्ताद सरपटत बाहेर आले, चष्मा लावला आणि पुस्तक हातात घेतलं. पानाच्या मधोमध चौकट होती आणि तीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नळीचं तोंड सदतीस अंशांत फुलवावं, मोटारगाड्यांसाठीचं पंचेचाळीस अंशांचं हत्यार वापरू नये, त्याने फुलवलेलं तोंड गळतं किंवा तडकतं. त्याखालीच लिहिलं होतं की नायलॉनची नळी वापरल्यास चाकाजवळचा शेवटचा हातभर भाग धातूचा घ्यावा.

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग टेबलावरच्या खोळीकडे बघितलं.

"सगळं पुस्तक वाचलंत," बायको म्हणाली. "पानं पाठ झालीत तुम्हाला. आणि हेच नाही वाचलंत?"

"ब्रेक मला येतात गं."

"येतात ना!" तिचा आवाज चढला, आणि तो फार क्वचित चढायचा. "तीन महिने! तीन महिने मी बघतेय, नळ्यांवर खापर, दुकानदारावर खापर, त्या बिचाऱ्या डॉक्टरवर खापर. चार वर्षांपूर्वी माझी पाठ मोजून घेतलीत. तेव्हाच सांगायचं होतं, तुला न्यायचं नाही म्हणून!" तिने कापड तिथेच टाकलं आणि ती घरात निघून गेली. उस्तादांनी ती चौकट तिसऱ्यांदा वाचली. आयुष्यात त्यांना एवढी शरम कधी वाटली नव्हती.

सकाळी ते दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे सुजलेल्या गालांची चार माणसं बसली होती, त्यांच्यात पाचवे जाऊन बसले. "कुठला दात?" शेजारच्याने विचारलं. "अक्कलदाढ," उस्ताद म्हणाले. नंबर आला तशी त्यांनी खिशातून गळकी नळी काढली आणि डॉक्टरपुढे धरली.

"ती डबी अजून आहे का?"

डॉक्टर हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. खरं तर त्याला हसायचा पुरेपूर हक्क होता. त्याने नळीचं तोंड दात बघायच्या दिव्याखाली धरलं, छोटा आरसा आत घातला आणि उस्तादांना दाखवलं. आत दोऱ्याएवढी एकच चकचकीत रेघ होती. "एवढीच टेकतेय, नुसती कड. इथे पट्टा उमटायला हवा, चांगला रुंद." आठ अंशांचा फरक. एकतीस वर्षं मुरलेल्या बोटाला तो लागला नव्हता, कारण बोटालाही पंचेचाळीसचीच सवय होती. शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरने त्यांना खुर्चीजवळ उभं करून तीन तुकडे फुलवून दाखवले आणि चौथा त्यांच्या हाती दिला. "हळू. जोर नका लावू. असं." उस्ताद मान डोलावत राहिले, वर्कशॉपात पहिल्या दिवशी आलेल्या माणसासारखे.

चौथ्या खेपेला कागद पाच मिनिटं पांढरे राहिले, मग तपासनिसाने हट्टाने आणखी पाच मिनिटं थांबवून घेतलं, तरी पांढरेच राहिले. फेऱ्याही नीट पार पडल्या. "पुस्तकाप्रमाणे केलंत," सही करत तो म्हणाला. उस्ताद नुसते "हो" म्हणाले.

उरलेल्या पंधरा दिवसांपैकी पहिले चार सुरेख होते. उस्ताद रोज उडाले. वरून शेड दिसली, वर्कशॉपचं छप्पर दिसलं, आणि ते एकटेच मोठमोठ्याने हसले, असं त्यांनी नंतर कबूल केलं. पाचव्या दिवशी वारा सुटला. आडवा, हटवादी वारा, छोटं विमान उलथवेल असा. उस्ताद रोज पहाटे शेडच्या दारात उभे राहून झाडांच्या शेंड्यांकडे बघायचे, आणि बायको खिडकीतून त्यांच्याकडे. दहा दिवस वारा पडला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी जरा थांबला, तेव्हा ते दीड तास उडून आले. एकूण नऊ तास झाले. त्या रात्री बारा वाजता दाखला संपला.

 शिव्या घालायला वाराही पुरा पडेना, कारण पहिल्या तपासणीनंतर कितीतरी दिवस असेच सुरेख गेले होते, आणि ते उस्तादांनी नळ्या बदलण्यात घालवले होते. हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ताटावर बसल्या बसल्या मध्येच ते "सदतीस" असं पुटपुटायचे.

उरलेले सोळा तास डॉक्टरने पूर्ण केले. मग एका रविवारी सकाळी बायको नवं पातळ नेसून, वर स्वेटर घालून धावपट्टीवर आली आणि स्वतः शिवलेल्या उजव्या सीटवर बसली. डाव्या सीटवर, उस्तादांच्या मापाच्या पाठीला टेकून, डॉक्टर बसला. त्याआधी उस्तादांनी पांढरे कागद अंथरून ब्रेक तपासले होते. पट्टा आवळून देताना त्यांनी तिला विचारलं, "घट्ट नाही ना होत?" ती म्हणाली, "माझंच शिवण आहे."

विमान उठलं, ठिपक्याएवढं झालं, नाहीसं झालं. उस्ताद धावपट्टीच्या कडेला लाकडी ठोकळा हातात धरून उभे राहिले. पाऊण तासाने ते परत दिसलं, टेकलं, धावत आलं आणि खडूने मारलेल्या रेघेवर सरळ, हिसका न देता थांबलं. बायको खाली उतरली. केस विस्कटलेले, डोळे पाणावलेले, चेहऱ्यावर असं काही, जे उस्तादांनी लग्नाच्या पस्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला ते आकाश दाखवणारे आपण असणार होतो, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

तिने वर आकाशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग चाकाकडे. तिला बरंच काही सांगायचं होतं हे दिसत होतं, आणि ते तिने गिळलं हेही दिसलं.

"ब्रेक छान लागतात हो," ती म्हणाली.

उस्तादांनी मान हलवली आणि ते चाकाखाली ठोकळा सरकवायला वाकले. ठोकळा केव्हाच बसला होता, तरी ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.